सर्व्हरचा भरवसा कशावर?

८ डिसेंबर २०२० रोजी सेंटओएसवर चालणाऱ्या सर्व्हरांमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. तरी जगभरच्या सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळींची झोप उडाली.

सेंटओएस म्हणजे रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सची फुकट मिळणारी जुळी बहीण. २००४ पासून होस्टिंग कंपन्या, विद्यापीठं, प्रयोगशाळा तिच्यावर डोळे झाकून विसंबल्या होत्या. सेंटओएस ८ ला मे २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार, हे धरून लोकांनी यंत्रं उभारली. त्या दिवशी जाहीर झालं, की ही मुदत २०२१ अखेरच संपेल. सेंटओएस चालवणारी रेड हॅट कंपनी आदल्याच वर्षी ३४ अब्ज डॉलरना आयबीएमच्या ताब्यात गेली होती. सेंटओएसचे एक संस्थापक ग्रेगरी कर्ट्झर यांनी लगोलग रॉकी लिनक्सची घोषणा केली, मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आलं, आणि सर्न व फर्मिलॅब या भौतिकशास्त्राच्या बड्या प्रयोगशाळांनी पुढे अल्मालिनक्सची निवड केली. ज्यांनी निवांत दहा वर्षं गृहीत धरली होती, त्यांच्यामागे स्थलांतराचा व्याप लागला तो लागलाच.

सर्व्हरसाठी ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना ‘कुठली कमी बंद पडते?’ असं विचारायची पद्धत आहे. एकेकाळी ते रास्तही होतं. घरगुती विंडोज ९५ मध्ये मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा ४९.७ दिवसांनी भरून जायचा आणि यंत्र गोठायचं. लिनक्सही अगदी सोवळं नाही. ३० जून २०१२ ला जागतिक घड्याळात एक लीप सेकंद वाढवला गेला, तेव्हा कर्नलमधल्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातल्या, चुकीमुळे अनेक सर्व्हरांचे प्रोसेसर पूर्ण क्षमतेने नुसतेच फिरत राहिले; रेडिट काही काळ बंद पडलं.

पण आजच्या सिस्टिम क्वचितच आपणहून कोसळतात. त्यांना पाडतो तो बाहेरून आलेला बदल. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-प्रणालीची एक सदोष फाइल विंडोज यंत्रांवर पोहोचली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर सुमारे ८५ लाख यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली होती. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. दुरुस्ती तशी सोपी होती: सेफ मोडमध्ये जायचं आणि ती फाइल पुसायची. मात्र बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी जाऊन, आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की टाइप करून. याला एकट्या विंडोजला बोल लावणं अन्याय्य ठरेल. त्याच कंपनीच्या प्रणालीने काही आठवड्यांपूर्वी रेड हॅट ९.४ च्या कर्नललाही आडवं केलं होतं.

बदल उशिरा आणि पारखून घ्यायचा, हे डेबियन या लिनक्स-वितरणाचं धोरण. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाची ‘स्टेबल’ आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. आधी काही महिने नवं काही आत घ्यायचं थांबवून फक्त चुका काढल्या जातात. त्यामुळे तिच्यातलं सॉफ्टवेअर जुनं वाटतं, आणि तेच मार्च २०२४ मध्ये कामी आलं. मायक्रोसॉफ्टचे अभियंता आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या ‘अनस्टेबल’ शाखेवर पोस्टग्रेसच्या चाचण्या घेत होते. एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे ०.३ सेकंदांऐवजी ०.८ सेकंद लागताहेत, हे त्यांना खटकलं. माग काढत गेल्यावर एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीत मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. ते ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत होतं. स्टेबल वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचलंच नव्हतं.

अर्थात जुनं ते सगळं सोनं नव्हे. डेबियनच्याच ओपनएसएसएल या कूटलेखन-लायब्ररीतला २००६ चा एक चुकीचा फेरफार मे २००८ पर्यंत कुणाच्या लक्षात आला नाही. त्यामुळे एका प्रकारच्या आणि लांबीच्या जेमतेम ३२,७६८ किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. गोठवलेल्या आवृत्तीत चूकही गोठून राहते.

वापरायच्या सोयीचं काय? खिडक्या आणि माउस म्हणजे सोय, हा समज सर्व्हरच्या बाबतीत खुद्द मायक्रोसॉफ्टनेच मोडीत काढला. २००६ मध्ये पॉवरशेल आलं, २००८ च्या विंडोज सर्व्हरमध्ये डेस्कटॉपविना चालणारा ‘सर्व्हर कोअर’ हा पर्याय मिळाला. शंभर यंत्रांवर एकच सेटिंग बदलायचं तर माउस काय कामाचा? लिनक्समध्ये बहुतेक सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलींत असतं. जुनी फाइल नव्या फाइलीशेजारी ठेवली, की काय बदललं ते ओळ-ओळ दिसतं. रात्री दोनला सर्व्हर अडला, की या सोयीची किंमत कळते. फ्रीबीएसडी (लिनक्सबाहेरची एक ऑपरेटिंग सिस्टिम) याबाबतीत आणखी नेटकं, कारण कर्नल आणि मूळ साधनं एकाच चमूच्या हातची. व्हॉट्सअ‍ॅपने २०१२ मध्ये फ्रीबीएसडीच्या एकाच सर्व्हरवर वीस लाख जोडण्या पेलून दाखवल्या. अडचण एवढीच, की आपल्याकडे ते जाणणारी माणसं शोधावी लागतात.

लिनक्सचं तसं नाही; त्याचा वापर सर्वदूर असल्याने ते जाणणारी माणसं सहज सापडतात. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले ५०० महासंगणक झाडून सारे लिनक्सवर चालतात. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय २०२० मध्ये त्या यादीत ६३ वा होता. सी-डॅकचंच बॉस लिनक्स डेबियनवर बेतलेलं आहे.

म्हणून पूर्णवेळ अ‍ॅडमिन न परवडणाऱ्या शाळेने, पतसंस्थेने किंवा छोट्या प्रकाशनाने डेबियन स्टेबल घ्यावं, असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे. ते कुणा कंपनीच्या मालकीचं नाही. प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो, त्यामुळे एखाद्या सौद्यापायी मुदत कापली जाण्याची भीती कमी. लेखा-प्रणाली विंडोजवरच चालत असेल, तर विंडोज सर्व्हर खुशाल ठेवावा. पण कुठलाही सर्व्हर घेताना विक्रेत्याकडून दुरुस्त्या थांबण्याची तारीख लेखी घ्या. आणि कार्यालयात विंडोज सर्व्हर २०१२ अजून चालू असेल, तर त्याची नियमित मुदत १० ऑक्टोबर २०२३ लाच संपली आहे. आधी तो बदला.