डीपी : शहराचा नकाशा कायदा कसा होतो

विकास आराखडा हा महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या हद्दीतील जमिनींचा पुढील सुमारे २० वर्षांचा वापर ठरवून देणारा कायदेशीर नकाशा असतो. बोलीत तो ‘डीपी’. त्यात निवासी विभाग पिवळ्या, व्यापारी निळ्या, औद्योगिक जांभळ्या आणि हरित पट्टा हिरव्या रंगात दाखवण्याची पद्धत आहे. शाळा, उद्यान, दवाखाना, मंडई यांसाठी राखलेल्या जागा म्हणजे आरक्षणे, आणि नियोजित रस्ते म्हणजे डीपी रस्ते. जमीन कोणाची, हे सातबारा सांगतो. तिच्यावर काय उभे राहू शकते, हे आराखडा सांगतो. म्हणून जमीन घेणारा जाणता माणूस सातबाऱ्याबरोबर झोन दाखलाही मागतो. मुंबईत त्यालाच ‘डीपी रिमार्क’ म्हणतात.

कायद्याची जडणघडण

भारतातला पहिला नगररचना कायदा १९१५ मध्ये मुंबई प्रांतात झाला. त्याचा भर नगररचना योजनांवर होता. एखाद्या मोकळ्या भागातील जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आखायचे आणि भूखंड नव्याने वाटायचे, एवढीच त्याची झेप होती. संपूर्ण शहराचा आराखडा करण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने घातले. त्याची जागा घेणारा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजेच एमआरटीपी कायदा, ११ जानेवारी १९६७ पासून लागू झाला. आजचा सारा व्यवहार त्याच्याच कलमांवर चालतो.

इराद्यापासून मंजुरीपर्यंत

सुरुवात कलम २३ च्या इरादा जाहीर करण्यापासून होते. ही घोषणा राजपत्रात आली की कलम ४३ लागू होते आणि त्या क्षेत्रात परवानगीशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. नंतर विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. कुठे घरे, कुठे गोठे, कुठे ओढा, याची ही प्रत्यक्ष पाहणी. येथे चुकलेली नोंद पुढे आरक्षणाच्या किंवा रस्त्याच्या रूपाने एखाद्या उभ्या इमारतीवर येऊन बसते.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ असतात. समितीच्या अहवालानंतर आराखडा शासनाकडे जातो. शासनाने मोठे फेरबदल सुचवले तर तेवढा भाग वगळून उरलेला मंजूर केला जातो आणि वगळलेल्या भागावर पुन्हा हरकती मागवतात. आराखडा करणारी संस्था स्थानिक असली तरी शेवटची सही राज्य शासनाची असते.

हा टप्पा किती खडतर असतो, ते दोन शहरांच्या अनुभवातून कळते. मुंबईचा २०१४-३४ चा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चुकांवर हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि मंजुरी ८ मे २०१८ रोजी मिळाली. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. २०१५ मध्ये शासनाने तो आपल्या हाती घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. त्या आराखड्याचा काळ २००७ पासून मोजला जात होता. मंजुरीच्या दिवशी त्यातली निम्मी वर्षे सरत आली होती.

आरक्षणाची किंमत

मंजूर आराखडा महापालिकेवरही बंधनकारक असतो. परंतु आरक्षण टाकल्याने जमीन पालिकेची होत नाही. कलम १२६ ती मिळवण्याचे तीन मार्ग देते : वाटाघाटीने मोबदला, मोबदल्याऐवजी चटईक्षेत्र (एफएसआय) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), आणि सक्तीचे भूसंपादन. रोख मोबदला पालिकांना झेपेना, म्हणून १९९१ च्या मुंबईच्या नियमावलीने टीडीआरची वाट मोकळी केली. जमीन सोडणाऱ्याला तेवढे बांधकाम अन्यत्र करण्याचा किंवा तो हक्क विकण्याचा दाखला मिळू लागला.

मालक अनंत काळ ताटकळू नये म्हणून कलम १२७ आहे. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक मालकीच्या कागदपत्रांसह नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत पूर्वी ६ महिने होती, नंतर १२ झाली आणि आता २४ महिने आहे. ‘पावले’ म्हणजे नेमके काय, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात केला : नुसता ठराव किंवा प्रस्ताव धाडणे पुरेसे नाही, संपादनाची खरी कारवाई सुरू झाली पाहिजे. उद्यानासाठी राखलेल्या जागेवर इमारत उभी राहिलेली दिसते, तेव्हा प्रत्येक वेळी अतिक्रमणच झालेले असते असे नाही. कित्येकदा पालिकेची मुदत हुकलेली असते.

अंमलबजावणी

आराखड्याची रोजची राखण बांधकाम परवानगीतून होते. परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचाही विचार करावा लागतो, असे कलम ४६ सांगते. बांधकामाचे नियम विकास नियंत्रण नियमावलीत असतात; मुंबईसारखे अपवाद वगळता राज्यभर २०२० पासून एकच एकत्रित नियमावली आहे. विनापरवाना बांधकामाला कलम ५३ ची पाडण्याची, तर चालू कामाला कलम ५४ ची थांबवण्याची नोटीस मिळते. कलम ५२ नुसार शिक्षा १ महिना ते ३ वर्षे कैद आणि २ ते ५ हजार रुपये दंड. जमिनीच्या आजच्या भावापुढे हा दंड नगण्यच.

दुसऱ्या बाजूला नियमितीकरणाची दारे उघडत गेली. गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींसाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला. त्याची १ जानेवारी २००१ ही कालमर्यादा पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. २०१७ मध्ये एमआरटीपी कायद्यात आलेल्या कलम ५२अ ने ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामे अटींवर नियमित करण्याची सोय केली. मंजूर आराखड्यातला किरकोळ बदल कलम ३७ खाली होतो. त्यासाठीही हरकती मागवणे आणि शासनाची मंजुरी आवश्यक असते.

२० वर्षांतून किमान एकदा आराखडा सुधारला पाहिजे, असे कलम ३८ चे बंधन आहे. ते काम पुन्हा विद्यमान जमीन वापराच्या नकाशापासून सुरू होते. कोणता डीपी रस्ता झाला, कोणते आरक्षण ताब्यात आले, कोणते सुटले आणि हिरव्या पट्ट्यात किती घरे उठली, ते या नव्या नकाशात उमटते. जुन्या आराखड्याचा हिशेब तेथेच पूर्ण होतो.