फुकटच्या उत्तरामागचा धंदा आणि त्यातील धोके

मालवण : मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो, तेव्हा चढी बोली लावणारा टोपली उचलतो आणि बोलीइतके पैसे मोजतो. ती मासळी पुढे खपली नाही, तर तोटा त्याचा. 'तारकर्लीत राहण्याची सोय' असे शब्द कोणी 'गुगल'वर टाकले, की तेथेही एक लिलाव होतो. तो निमिषार्धात आटोपतो आणि त्याचे नियमही निराळे आहेत. समजा, तीन निवासचालकांनी या शब्दांसाठी अनुक्रमे 20, 15 आणि 10 रुपयांची बोली लावली आणि तिघांच्या जाहिरातींचा दर्जा सारखाच आहे. पहिल्याची जाहिरात सर्वांत वर दिसते, पण त्याला 20 नव्हे, तर 15 रुपयांच्या जरासे वर मोजावे लागतात. तेही कोणी जाहिरातीवर क्लिक केले तरच. नुसती जाहिरात दिसल्याचे पैसे नाहीत.

शोध घेणाऱ्याला सारे फुकट मिळते, ते या लिलावाच्या जोरावर. 2004 मध्ये 'गुगल'ने भांडवली बाजारात 85 डॉलर दराने समभाग विकले, तेव्हा जवळजवळ सारे उत्पन्न जाहिरातींचे असल्याची कबुली कंपनीने गुंतवणूकदारांना दिली होती. दोन दशकांनंतरही चित्र मुळातून पालटलेले नाही. 'गुगल'ची पालक कंपनी 'अल्फाबेट'चे 2024 मधील उत्पन्न सुमारे 350 अब्ज डॉलर होते. त्यापैकी सुमारे 265 अब्ज, म्हणजे तीन चतुर्थांश, जाहिरातींचे होते. एकाच जाळ्यावर घर चालविणाऱ्याची काळजी मालवणात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

हे उत्पन्न देणारे केवळ बडे उद्योग नाहीत. जगभरचे लहान व्यावसायिक त्यात आहेत. 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढे तारकर्ली-देवबाग पट्ट्यात घरोघरी निवास-न्याहारीची सोय उभी राहिली. पूर्वी पाहुणे येत ते ओळखीपाळखीने. आज मुंबई-पुण्याचा पर्यटक आधी शोधयंत्रात डोकावतो. मात्र पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात, जलक्रीडा बंद होतात आणि मग जाहिरातीवर खर्च करण्यात अर्थ उरत नाही. जाहिरातदार कोणत्याही दिवशी हात आखडता घेऊ शकतो, त्याला वर्षभराच्या कराराचे बंधन नसते. कंपनीने आपल्या धोक्यांच्या यादीत ही बाब पूर्वीच नोंदविलेली आहे. एका निवासचालकाने पाठ फिरविल्याने तिचे काही बिघडत नाही. मंदीत लाखो जणांनी फिरविली, तर बिघडते.

त्याहून नाजूक धोका विश्वासाचा. क्लिकमागे पैसे जात असतील, तर प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीवर उगाच क्लिक करून त्याचा खिसा रिकामा करता येतो. हे काम माणसे करतात, तशा संगणकीय आज्ञावल्याही करतात. अशा खोट्या क्लिकचे पैसे आकारल्याच्या तक्रारीवरून अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात खटला झाला आणि 2006 मध्ये 'गुगल'ने 9 कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. कंपनी असे क्लिक गाळते, पण किती गाळले आणि किती निसटले, हे बाहेरच्याला पडताळणे अवघड असते. नकाशावरील नोंदींचेही तेच. 2018 मध्ये बँकांच्या नोंदींतील दूरध्वनी क्रमांक बदलून ग्राहकांना फसविल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. जेथे कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो, तेथे भामटाही ती सुचवू शकतो.

या धंद्यात देशी उदाहरणही आहे. 1996 मध्ये मुंबईत सुरू झालेली 'जस्ट डायल' आधी दूरध्वनीवरून, मग संकेतस्थळावरून पत्ते सांगे. विचारणाऱ्याला सेवा मोफत आणि यादीत वरचे स्थान हवे असलेला दुकानदार पैसे भरणार, असा तिचा साधा हिशेब. पण मोबाइलवर नकाशासह नोंदी फुकट मिळू लागल्या आणि या हिशेबाला मोठाच प्रतिस्पर्धी उभा राहिला. 2021 मध्ये 'रिलायन्स रिटेल'ने या कंपनीचा ताबा घेतला.

'गुगल'ला असा प्रतिस्पर्धी फार वर्षे नव्हता, कारण दारावरची जागाच तिने विकत घेतलेली होती. आयफोनवर आपलेच शोधयंत्र आधीपासून असावे म्हणून तिने 2022 या एका वर्षात 'ॲपल'ला सुमारे 20 अब्ज डॉलर दिल्याचे न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाले. हा सौदा अंगाशी आला. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकी न्यायाधीश अमित मेहता यांनी कंपनीने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. भारतातही स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये अँड्रॉइडबाबत 1,337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपनीच्या तिजोरीच्या मानाने दंड किरकोळ, धंद्याची रीत बदलण्याचे आदेश अधिक झोंबणारे.

खरा पेच मात्र न्यायालयाबाहेर आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये 'चॅटजीपीटी' आले आणि दुव्यांच्या यादीऐवजी थेट उत्तर मिळू लागले. फेब्रुवारी 2023 मध्ये 'गुगल'च्या 'बार्ड'ने जाहिरातीतच चुकीचे उत्तर दिले, तेव्हा 'अल्फाबेट'चे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे 100 अब्ज डॉलरने घसरले. 2024 मध्ये 'गुगल'नेही शोधाच्या माथ्यावर यंत्राने रचलेली उत्तरे देण्यास सुरुवात केली. वाचकाला उत्तर तेथेच मिळाले, तर तो खालच्या दुव्यांवर आणि जाहिरातींवर जाईल कशाला? जाहिरातींचे उत्पन्न तरीही 2024 मध्ये वाढलेच, हे नोंदवायला हवे. गंमत अशी, की सप्टेंबर 2025 मध्ये मेहता यांनी 'क्रोम' विकण्याची सक्ती टाळली, त्यामागे याच नव्या स्पर्धेचा विचार होता. जो धोका धंद्याच्या मुळावर येऊ पाहतो, त्यानेच कंपनीला मोठ्या शिक्षेतून वाचविले.

यंत्राच्या उत्तराला कच्चा माल लागतो तो माणसांनी लिहिलेल्या पानांचा. किल्ल्याची होडी यंदा कधी बंद होणार, देवबागच्या कोणत्या घरात उतरण्याची सोय आहे, हे स्थानिक माणूसच आपल्या पानावर लिहितो, कारण ते वाचून गिऱ्हाईक येईल अशी त्याला आशा असते. गिऱ्हाईक पानापर्यंत पोहोचलेच नाही, तर तो लिहिणे थांबवील आणि यंत्र जुन्याच माहितीवरून, होड्या बंद असताना, पर्यटकाला जुलैत सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला सांगेल.