पंचवीसहून जास्त क्लब, काम मात्र एकच



व्हिडिओमध्ये लुट्झ फानेनश्टीलचं नाव घाईत येऊन गेलं. आज जरा निवांत बोलूया. हा जर्मन गोलकीपर. तुम्ही त्याचं नाव ऐकलं नसेल तर त्यात नवल नाही, कारण स्टार तो कधीच नव्हता.

१९७३ चा जन्म, गाव बव्हेरियातलं त्स्वीझेल. विशीच्या आसपास त्याला बायर्न म्युनिकच्या हौशी संघाची ऑफर आली. केवढं नाव! पण तिथे मुख्य संघाची वाट बघत बसावं लागलं असतं. त्यानं ती सोडली आणि मलेशियातल्या पेनांगच्या संघाकडून खेळायला गेला. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर घरच्यांनी डोक्याला हात लावला असता, नाही का?

पुढे इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, फिनलंड, सिंगापूर, न्यूझीलंड, कॅनडा, अल्बानिया, आर्मेनिया... पंचवीसहून जास्त क्लब! २००८ मध्ये ब्राझीलच्या एका छोट्या क्लबकडून खेळला आणि फिफाच्या सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला पहिला खेळाडू ठरला.

आता इथे नीट बघा. त्यानं मार्केट सारखं बदललं, पण प्रॉडक्ट? ते कायम गोलकीपिंगच. आपल्याकडे बरेच जण उलटं करतात. दुकान त्याच गल्लीत, आणि धंदा दर सहा महिन्यांनी नवा. आज मसाले, उद्या मोबाईल कव्हर. मग हात बसणार कसा?

पण ही फिरती गोड गोड समजू नका. सिंगापूरमध्ये त्याला मॅच-फिक्सिंगच्या प्रकरणात दोषी ठरवलं गेलं. १०१ दिवस तुरुंगात काढले. आपण निर्दोष आहोत असं तो सांगत आलाय, पण बाजारात नाव तर खराब झालंच ना? सुटल्यावर न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या छोट्या क्लबात पुन्हा ग्लोव्हज चढवले. २००२ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यूकडून खेळताना समोरच्या खेळाडूशी अशी धडक झाली की मैदानातच श्वास थांबला. क्लबच्या फिजिओनं त्याला परत आणलं. असल्या नोकरीत पेन्शन नाही, बोनस नाही, पुढचं कॉन्ट्रॅक्ट कुठून येईल याचीही खात्री नाही. तुमच्या-माझ्यासारखंच.

मग एवढं करून गाठीला काय लागलं? ओळखी! कुठल्या देशात कोण कोच, कुठला पोरगा चांगला खेळतो, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हे त्याला स्वतः तिथे राहून कळलं होतं. खेळणं संपल्यावर जर्मनीतल्या हॉफेनहाइम क्लबनं त्याला घेतलं ते याच जोरावर, परदेशातले खेळाडू हेरायला. मग फोर्टुना ड्युसेलडॉर्फमध्ये क्रीडा संचालक. २०२० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस सिटीनं बोलावलं. क्लब कोरा, संघ शून्यापासून बांधायचा. २०२३ मध्ये पहिल्याच सीझनला सुरुवातीचे पाचही सामने जिंकले आणि वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये साखळीत पहिले आले.

आता होमवर्क. जुन्या बिलबुकातली पाच गिऱ्हाईकं काढा, जी वर्षभरात फिरकलेली नाहीत. या आठवड्यात फोन करा. विकायचं काही नाही, फक्त विचारपूस. कोण काय बोललं ते व्हिडिओखाली लिहा, मी वाचतोय.