तासाचा भाव

नांदेडात मी गेम विकत घ्यायला शिकलो त्याच्या कितीतरी आधी वेळ विकत घ्यायला शिकलो. साल १९९६. जुन्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका बोळात पत्र्याची खोली होती. आत चार टीव्ही, समोर लाकडी बाकडी, आणि दाराशी वही घेऊन बसलेले काका. वहीत कुणाचं नाव नसायचं. '३ नंबर, ४.१०' एवढंच. अर्ध्या तासाला तीन रुपये, तासाला पाच. वेळ भरली की काका मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचे. मग पडद्यावर पूल उडत असो की शेवटचा राक्षस समोर असो, रिमोट खाली ठेवून उठायचं.

गेली दहा-बारा वर्षं गेम खेळणाऱ्यांत एक वाद सारखा उकरला जातो. अमुक गेम सहा तासांत संपतो, मग त्याला एवढे पैसे का मोजायचे? किमतीला तासांनी भागायचं आणि तासाचा दर काढायचा. हा हिशेब कुणी मांडला की मला ते काका आठवतात. कारण आम्ही हाच हिशेब उलट्या बाजूने करत वाढलो. दर आधीच ठरलेला होता. त्यामुळे लांबलचक गेम आम्हाला महाग पडायचा आणि आटोपशीर गेम परवडायचा.

म्हणून कॉन्ट्रा सगळ्यांचा लाडका. आठ टप्पे, हात बसलेल्या दोघांना अर्ध्या-पाऊण तासात संपणारे, आणि दोघं मिळून खेळता येत असल्याने पैसेही निम्मे-निम्मे. मूळचे तीन जीव. पण सुरुवातीला वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं आणि मग दोन बटणं दाबली की तीस. मारिओमध्ये पहिल्या जगाच्या दुसऱ्या पातळीत छतावरून चालत गेलं की थेट चौथ्या जगात नेणारा पाइप लागतो. त्या पाइपने आमचे पैसे वाचायचे. पुढे कधीतरी शेवटचा वाडा बघायला मिळावा, तोही पाच रुपयांत, म्हणून मधली दोन जगं आम्ही सोडून द्यायचो. ती जगं मी पहिल्यांदा पाहिली ती पंचविशी ओलांडल्यावर.

आणि लाइट जायची. काका उरलेली मिनिटं प्रामाणिकपणे वहीत लिहून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी देऊन टाकायचे. पण सातव्या टप्प्यापर्यंत पोचलेलो आम्ही, ते कुठे लिहून ठेवणार? पुन्हा पहिल्यापासून.

हे गेम मुळात छोटे, तरी आम्हाला वर्षानुवर्षं कसे पुरले, हे मला फार नंतर समजलं. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. आज फोनवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट जागा खातो. जागाच नसेल तर लांबी आणायची कुठून? ती अवघडपणातून आणली गेली. त्यातून या गेमांचं घराणं नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचं. १९७२ च्या पाँगपासून यंत्रवाल्याचा फायदा यातच की खेळणारा लवकर हरावा आणि त्याने पुढचं नाणं काढावं. अमेरिकेत पुढे गेम भाड्याने मिळू लागले, तेव्हा कंपन्यांना वेगळी धास्ती पडली: पोराने शनिवार-रविवारच्या भाड्यातच गेम संपवला तर विकत कोण घेईल? १९९४ चा 'लायन किंग' खेळलेल्यांना त्यातली दुसरी पातळी आठवत असेल. माकडं, जिराफ, शहामृगाच्या पाठीवरची ती धाव. आम्ही सारे तिथे अडकलो होतो. ती पातळी मुद्दाम अवघड केलेली होती, भाड्याच्या मुदतीत पुढे जाता येऊ नये म्हणून, हे तो गेम घडवणाऱ्यांनीच नंतर सांगितलं. माझ्या आयुष्यातले कितीतरी तास त्या शहामृगावर गेले. त्या तासांना गेमची लांबी म्हणायचं का?

त्याच सुमारास मामांनी हैदराबादच्या कोठी बाजारातून एक टीव्ही गेम आणला. सोबतच्या पिवळ्या कार्ट्रिजवर लिहिलं होतं: ९९९९ इन वन. आम्ही भावंडांनी सुट्टीत एकेक लावून पाहिला. पंचवीस-तीस गेम झाले की तेच गेम परत यायचे, कधी दुसऱ्या पातळीपासून, कधी वेगळ्या रंगात. मामांना आम्ही हे सांगितलं नाही. त्यांनी ९९९९ बघूनच पैसे दिले होते, आणि केवढ्या हौसेने ते खोकं त्यांनी रेल्वेत मांडीवर धरून आणलं होतं.

मग कॉम्प्युटर आला. ओळखीच्या घरी, मग सायबर कॅफेत, मग विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या दादाच्या होस्टेलवर. तिथे मी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' पाहिला. तळघरात कैद झालेला तरुण, वर राजकन्या, आणि वजिराने दिलेली मुदत: साठ मिनिटं. घड्याळ खरं चालतं. एक तास झाला की खेळ खलास. जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८५ ला हे काम हातात घेतलं आणि १९८९ ला ते बाहेर आलं. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवली. चार वर्षं खपून एका तासाचा खेळ. त्यात आणखी एक तास घातला असता तर तो बिघडला असता, कारण तो तास हीच त्याची गोष्ट. हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं, पण छातीत धडधड व्हायची ती याचीच.

'व्हाइस सिटी' आला आणि आमचं गणित कोलमडलं. कॅफेत तासाला पंधरा रुपये, आणि समोर एक अख्खं शहर. नुसती गाडी काढून समुद्राकाठाने फिरलं तरी तास उडायचा, गोष्ट जागची हलायची नाही. आपला खेळ साठवला जायचा तो त्या विशिष्ट कॉम्प्युटरवर. माझा चार नंबरवर होता. चार नंबर रिकामा होईपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहायचं, आणि आत गेल्यावर कळायचं की कुणीतरी आपल्या जागेवर स्वतःचा खेळ साठवून ठेवलाय. तो गेम मी कॅफेत कधीच पूर्ण केला नाही. तरीही त्या पडद्यावरच्या संध्याकाळी आठवल्या की पैसे वाया गेले असं एकदाही वाटत नाही.

कॉपी सीडीचा काळ मात्र मला झटकून टाकावासा वाटतो. पन्नास रुपयांत काहीही मिळायचं. चार तासांचा गेम पन्नास, चाळीस तासांचाही पन्नास. लांबी आणि किंमत हा प्रश्नच उरला नाही, कारण करणाऱ्याला आमच्याकडून एक पैसाही जात नव्हता. आम्ही ते केलं. पैसे नव्हते हे खरं, आणि गावात अस्सल सीडी मिळायचं दुकान नव्हतं हेही खरं. पण चूक ती चूकच.

नोकरी लागली, आणि २०१५ च्या नोव्हेंबरात स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानात किमती रुपयांत दिसू लागल्या, तेव्हा मी पहिल्यांदा कार्डाने गेम घेतला. पोर्टल. भिंतींवर दारं उघडून वाट काढायचा २००७ चा जुना गेम, सवलतीत. तीन-चार तासांत संपला. पहिल्या रात्री मला चक्क फसल्यासारखं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा गेमचे पैसे सरळ करणाऱ्याला दिले आणि तो इतक्यात संपला! दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी भिंतींवर दारं कल्पत होतो: इथून शिरलो तर तिथून निघेन. आठवडाभर हेच चाललं.

जगात तेव्हा हाच वाद पेटला होता. २०१४ ला 'ग्राउंड झीरोज' आला, त्याची मुख्य मोहीम दोन तासांच्या आत संपते म्हणून ओरड झाली. २०१५ च्या फेब्रुवारीत 'द ऑर्डर : १८८६' आला, साठ डॉलर आणि सहा-सात तास, आणि लोकांनी त्याला धारेवर धरलं. मी तो पुढे मित्राकडे खेळलो. मला तो आवडला नाही, पण कारण लांबी नव्हतं. त्या सात तासांतही खेळणाऱ्याच्या हाताला काम थोडं आणि बघणंच जास्त होतं. दहा तास वाढवले असते तर ते दुखणं वाढलंच असतं. दुसऱ्या टोकाला २०२२ ची जाहिरात: 'डाइंग लाइट २' पूर्ण करायला किमान पाचशे तास, म्हणजे वॉर्सा ते माद्रिद चालत जाण्याएवढा वेळ. कंपनीने हे अभिमानाने सांगितलं आणि लोक धास्तावले. मग खुलासा आला की मुख्य कथा वीस तासांचीच आहे. माणसाला पाचशे तासांची भीती वाटते, आणि सहा तासांचा राग येतो.

या वादात खरं नुकसान कुणाचं होतं ते मला २०२१ ला दिसलं. स्टीमचा नियम असा, की विकत घेऊन चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत. ग्राहक म्हणून मला तो नियम हवाच आहे. पण 'समर ऑफ फिफ्टी-एट' हा एकट्याने केलेला भयकथेचा गेम दोन तासांच्या आत संपतो. लोकांनी तो शेवटपर्यंत खेळला, चांगला अभिप्राय लिहिला आणि पैसे परत घेतले. करणाऱ्याने जाहीर केलं की आपण हे काम थांबवतोय. ही बातमी वाचून मला माझ्या कॉपी सीड्या आठवल्या आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

लांब गेम मागणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. पीएस ५ आला तेव्हा आपल्याकडे मोठ्या गेमची किंमत ४,९९९ रुपये झाली. पुढे लातूरला शिकायला गेलेल्या माझ्या भाच्याच्या महिन्याच्या मेसला याहून कमी लागायचं. ज्याला वर्षात एकच गेम घेता येतो तो 'किती दिवस पुरेल?' असं विचारणारच. ज्वारीचं पोतं घेतानाही आपण तेच विचारतो. मराठी पुस्तकांच्या किमतीही पानांवरून ठरतात, म्हणून साठ पानांचा कवितासंग्रह सहाशे पानांच्या कादंबरीपेक्षा स्वस्त असतो, आणि कवी बिचारा काही म्हणत नाही. सवय जुनी आहे. पण पोतं सरतं. पोर्टल माझ्याकडे अजून आहे.

२०१६ नंतर जिओने नांदेडातल्या प्रत्येक कट्ट्यावर इंटरनेट आणलं, २०१८ ला पबजी आला आणि किंमत शून्यावर गेली. गेम फुकट, आणि त्याला शेवटच नाही. २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली तेव्हा भाचा नववीत होता. त्याने किती तास घातले याचा आकडा त्या गेममध्येच लिहिलेला होता, आणि तो बघून ताई रडली. शंभर-शंभर रुपयांचे कपडे त्याने पडद्यावरच्या शिपायासाठी घेतले होते, तेही मिळून कमी नव्हते. फुकट म्हणून घरात आलेल्या त्या गेमइतका महाग गेम आमच्या घरात दुसरा आला नाही.

आणि त्याच २०२० मध्ये पुण्यातून राजी आला. नॉडिंग हेड्स गेम्स हा तिथला छोटा चमू. २०१७ ला त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी ते चिकटून राहिले. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमांच्या शेवटच्या पाचांत होता. राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी, आपल्याकडची डोंबाऱ्याची पोरच म्हणा. रक्षाबंधनाच्या दिवशी राक्षस तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन त्याच्या मागे निघते. खांबांवर चढते, भिंतीवरून पळते, उलटी उडी घेते. मधल्या गोष्टी छायाबाहुल्यांच्या खेळातून सांगितलेल्या, भिंतीभिंतींवर देवादिकांची चित्रं. सगळं मिळून चार-पाच तास.

परीक्षणांत एकच तक्रार फिरून फिरून होती: छोटा आहे, आणि शेवट अर्ध्यात तुटतो. शेवटाबद्दलची तक्रार मला पटते. गोष्ट खरोखरच तुटते. छोटा असण्याबद्दलची पटत नाही. आमच्या गल्लीत डोंबारी यायचे तेव्हा तिकीट नसायचं. दोरी बांधायची, ढोलकी वाजायची, पोरगी काठी घेऊन दोरीवरून चालायची. चादर पसरली जायची ती खेळ संपल्यावर. आजी कमरेची चंची उघडून पैसे टाकायची. खेळ किती वेळ चालला यावरून तिने हात आखडता घेतल्याचं मला आठवत नाही. पोरगी दोरीच्या मधोमध थांबून खाली बघायची, त्या क्षणावर ती पैसे द्यायची.

२०२२ च्या रक्षाबंधनाला भाचा लातूरहून आला. अकरावी, सोबत नीटची तयारी, क्लासने दिलेली दीड दिवसाची सुट्टी. अहमदपूर-लोहा करत एसटीने साडेतीन तास यायला, तेवढेच जायला. मोबाइल होस्टेलवर बंद होता, त्यामुळे डोळे अधाशी. मी लॅपटॉपवर राजी लावून दिला. संध्याकाळी तीन तास, सकाळी अंघोळीआधी दोन, आणि संपला.

"झाला मामा," तो म्हणाला. "पूर्ण झाला!"

क्लास सुरू झाल्यापासून त्याने पूर्ण केलेली ती पहिलीच गोष्ट असावी. अभ्यासक्रम संपत नव्हता, सराव परीक्षा संपत नव्हत्या, आधीचा तो फोनवरचा गेम तर संपण्यासाठी नव्हताच. त्याच्याकडे पाच तास होते आणि गेमही पाचच तासांचा होता. साठ तासांचा दिला असता तर अर्धवट टाकून, मन तिथेच ठेवून तो बसस्टँडवर गेला असता.

त्याची धाकटी बहीण तेव्हा पाचवीत होती. ती दोन्ही वेळा त्याला चिकटून बसली होती, चक्रं फिरवून चित्र जुळवायची कोडी तीच सोडवत होती. तो मधेच तिच्यावर ओरडायचा, "थांब की, राक्षस आलाय!" भिंतीवरचं चित्र दिसलं की ती म्हणायची, "दादा, हे बघू दे ना." त्याला वेळ नव्हता, तो पुढे पळवायचा.

त्या दिवाळीत तिने तो स्वतः लावला. तिला नऊ तास लागले. प्रत्येक चित्रापाशी ती राजीला उभी करून ठेवायची.