दोन छिद्रांची फ्रेम

१९७९ साली दिग्दर्शक लुचो फुल्चीचा ‘झोम्बी २’ इटलीत पडद्यावर आला, तेव्हा त्याच्या नावातच धंद्याची चतुराई होती. जॉर्ज रोमेरोचा ‘डॉन ऑफ द डेड’ तिकडे ‘झोम्बी’ या नावाने जोरात चालला होता. त्याच्या कथेशी काडीचा संबंध नसताना या चित्रपटाला ‘२’ चिकटवण्यात आला. थोडं चित्रीकरण न्यूयॉर्कला, थोडं डोमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्यावर, काही रोमच्या स्टुडिओत. हाच चित्रपट ब्लू अंडरग्राउंड या अमेरिकी कंपनीने मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून ‘४के’मध्ये रिस्टोर करून २०१८ साली ब्लू-रेवर आणि २०२० साली अल्ट्रा एचडी डिस्कवर आणला. तुटपुंज्या पैशांत उरकलेल्या भयपटाचे एवढे लाड कशाला, असं कुणालाही वाटेल. माझं म्हणणं असं की, खरी काळजी अशाच चित्रपटांना लागते. महागडा चित्रपट आपले सांधे झाकू शकतो. स्वस्त चित्रपटाचे सांधे उघडे असतात आणि त्यांतूनच त्याचं रूप घडलेलं असतं. ते पुसलं तर रिस्टोर करायला उरतं काय?

याचा सगळ्यात ठोस पुरावा निगेटिव्हवरच आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवर एरवी एका फ्रेमला कडेची चार छिद्रं लागतात. टेक्निकलर या कंपनीच्या रोममधल्या शाखेने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्निस्कोप नावाची पद्धत काढली. तिच्यात कॅमेरा फिल्म दोनच छिद्रं पुढे सरकवतो. फ्रेमची उंची जेमतेम साडेनऊ मिलिमीटर उरते, रुंदी मात्र पूर्ण मिळते. म्हणजे रुंद पडद्याचा आकार महागड्या ॲनामॉर्फिक भिंगांशिवाय साध्या भिंगांवर साधतो, आणि कच्ची फिल्म निम्मी लागते. हजार फुटांचं रीळ एरवी अकरा मिनिटांत संपतं, इथे ते बावीस मिनिटं पुरतं. सर्जो लेओनेचे गाजलेले वेस्टर्न याच काटकसरीतून उभे राहिले. ‘झोम्बी २’चा छायालेखक सर्जो साल्वातीनेही हाच मार्ग धरला. त्या चित्रपटाची ओळख बनलेला झूम साध्या झूम भिंगावर सहज जमतो, तोही या स्वस्ताईचाच फायदा.

काटकसरीची किंमत मात्र पुढे लॅबमध्ये मोजावी लागते. चित्रगृहाच्या प्रोजेक्टरला चार छिद्रांचीच प्रिंट चालते, म्हणून अर्ध्या उंचीचं चित्र ऑप्टिकल पद्धतीने मोठं करावं लागे. टेक्निकलरच्या रंग-स्थानांतर छपाईत हे काम थेट निगेटिव्हवरून व्हायचं, त्यामुळे नुकसान कमी. ती छपाई सत्तरच्या दशकाअखेरीस मागे पडली. मग मधल्या नकलांच्या पायऱ्या वाढल्या आणि प्रत्येक पायरीवर चित्र थोडं भुरकट, थोडं रवाळ होत गेलं. पुढे व्हीएचएसवर प्रेक्षकांनी पाहिला तो अशा नकलेच्या नकलेचा अवशेष. आज मूळ निगेटिव्ह स्कॅन केली की या सगळ्या पायऱ्या वगळल्या जातात. पण दोन छिद्रांची फ्रेम तिथेही हट्ट सोडत नाही. दोन फ्रेमच्या मधली जागा अगदी अरुंद असल्याने निगेटिव्हचा जोड चित्राच्या कडेत डोकावतो आणि कट आला की चित्र क्षणभर उसळी मारतं. कॅमेऱ्याच्या खिडकीत अडकलेला केसही इथे दुप्पट जाड दिसतो. अशी प्रत्येक उसळी तंत्रज्ञाला फ्रेमगणिक हाताने सरळ करावी लागते.

इथपर्यंतची दुरुस्ती वादातीत आहे, कारण ओरखडे, धूळ आणि उसळी हे झीज आणि यंत्र यांचे दोष आहेत. फिल्मचा रवा (ग्रेन) मात्र दोष नाही. फिल्मवरचं चित्र रव्यांचंच बनलेलं असतं आणि लहान फ्रेम मोठी केल्यावर तो ठळक दिसणारच. ‘इतक्या छोट्या निगेटिव्हमध्ये ४के पुरण्याइतका तपशील असतो कुठे?’ हा आक्षेप मला अर्धाच पटतो. तपशिलाची मर्यादा खरी आहे. पण बारीक स्कॅनिंग तपशिलाइतकंच रव्यासाठीही लागतं. स्कॅनर जाडाभरडा असला की रव्याचे कण एकमेकांत मिसळून खोटे ठिपके तयार होतात. इटालियन भयपटांच्या काही जुन्या एचडी आवृत्त्यांत ज्याला लोक रवा समजले, तो यंत्राचा इलेक्ट्रॉनिक गोंगाट होता. त्यावर उपाय म्हणून गाळणी फिरवायची म्हणजे खडे वेचताना तांदूळही फेकून देण्यासारखं. कातडी मेणासारखी होते, आणि रंगभूषाकार जानेत्तो दे रोस्सीने मुडद्यांच्या चेहऱ्यांवर थापलेल्या मातीचा पोतच नाहीसा होतो. फुल्ची या मुडद्यांना ‘चालत्या कुंड्या’ म्हणायचा असं सांगतात. तो विनोद कळायला त्यांची माती दिसायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. एवढं स्वच्छ चित्र या चित्रपटाचा घात तर करत नाही? ओल्गा कार्लातोसच्या डोळ्यात लाकडाची ढलपी घुसते त्या दृश्यात नटी कुठे संपते आणि नकली डोकं कुठे सुरू होतं, हे ४केमध्ये ओळखू येतं. शेवटी ब्रुकलिन पुलावरून मुडदे चालत येतात आणि खालच्या रस्त्यावर गाड्या निर्विकारपणे धावत असतात, कारण वाहतूक थांबवायला पैसे नव्हते. संगणकावर त्या गाड्या पुसणं आज अवघड नाही. पण मग तो फुल्चीचा चित्रपट राहणार नाही. शिवाय भीती फसवणुकीवर टिकते हे गृहीतकच तपासून पाहावं. ते डोळ्याचं दृश्य काम करतं ते त्याच्या संथपणामुळे: ढलपी जवळ येत राहते आणि कॅमेरा नजर वळवत नाही. डोकं रबरी आहे हे कळल्यावरही अंग आक्रसतंच. ब्रिटनमध्ये तर हा चित्रपट बंदीलायक व्हिडिओंच्या कुप्रसिद्ध यादीत गेला होता. देशोदेशींच्या सेन्सॉरने प्रिंटांना कात्री लावली, ती लागली नाही फक्त निगेटिव्हला. त्यामुळे अखंड चित्रपट पाहण्याचा भरवशाचा मार्ग तिथूनच जातो.

अडचणी खऱ्या सुरू होतात त्या यानंतर. रंगांना निगेटिव्हमध्ये अंतिम उत्तर नसतं. ते छपाईच्या वेळी ठरतं. ब्लू अंडरग्राउंडच्या २०११च्या ब्लू-रेवर साल्वातीची देखरेख होती. पण छायालेखकाची तीस वर्षांनंतरची आठवण ही साक्ष असते, निवाडा नव्हे. एचडीआर या नव्या प्रदर्शन-तंत्राने तर चित्रगृहाच्या पडद्यावर कधीच नव्हता एवढा उजेड हाती दिला आहे. आवाजाचं कोडं वेगळंच: सगळं संभाषण नंतर डब केलेलं, त्यामुळे इटालियन आणि इंग्रजी यांतला मूळ ध्वनिपट कोणता, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आणि एवढं जपलेला रवा प्रेक्षकापर्यंत पोचवायचा कसा? रवा प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने विखुरतो, म्हणून व्हिडिओ आकसणाऱ्या प्रणाल्यांना तो सगळ्यात जड जातो. स्ट्रीमिंगमध्ये डेटाची काटकसर होते आणि पहिला बळी रव्याचाच जातो. डिस्कवर तो टिकतो, पण डिस्क चालवणारी यंत्रंच कमी होत आहेत. ओप्पोने २०१८ साली प्लेअर बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षी सॅमसंगने अमेरिकेत नवी मॉडेलं आणणं बंद केलं. म्हणजे या कामाचं आयुष्य थोड्या हौशी गिऱ्हाइकांच्या खिशावर अवलंबून आहे, आणि हौशी गिऱ्हाइकाला दर चार वर्षांनी ‘नवं रिस्टोरेशन’ विकण्याचा मोह कंपन्यांना सुटत नाही. म्हणूनच डिस्कच्या वेष्टनावर ‘४के’ हा आकडा मिरवण्यापेक्षा स्कॅन कोणत्या फिल्मवरून झाला, रंग कशाच्या आधारे ठरवले आणि काय काय पुसलं, हे छापलेलं असावं. आणि रंग न बदललेला कच्चा स्कॅन एखाद्या अभिलेखागारात ठेवला जावा, म्हणजे आजचा निर्णय चुकला असेल तर उद्या कुणाला तरी तो बदलता येईल.