शाकारणी

रोहिणी नक्षत्राचे दिवस सुरू झाले, म्हणजे मे महिन्याचा अखेरचा आठवडा उजाडला, की कोकणातील गृहस्थाचे लक्ष आंब्याच्या अढीवरून उडून घराच्या आढ्याकडे जाते; कारण मृग निघण्यास जेमतेम पंधरवडा उरलेला असतो, आणि पुढील चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी ज्या पाख्यांवरून वाहून जायचे, त्यांची पाहणी पाऊस लागल्यानंतर करणे हे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच होय. या वार्षिक मरामतीस शाकारणी म्हणतात.

एके काळी ती खरोखरच दरसाल करावी लागे. गावच्या कुंभाराने घडवलेले अर्धगोल नळे एक ओळ उताणी व तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी, असे नुसते रचलेले असत. त्यांना ना खिळा, ना खोबण. वानरांची एक टोळी पाख्यावरून धावून गेली की निम्मी रचना विस्कटे. या नित्य त्रासातून बरीचशी सुटका केली ती मंगळुरी कौलाने. फ्रान्समधील जिलार्डोनी बंधूंनी 1841 मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाची युक्ती काढली होती. त्याच जातीची कौले 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला, नेत्रावती नदीकाठच्या चिकणमातीतून, यंत्रावर काढण्यास आरंभ केला. या कौलाच्या कडांना पन्हळी असतात व पाठीमागे रिपेत अडकणारी नाके. त्यामुळे ते आपल्याच वजनाने जागेवर बसते. चौरस मीटरला सुमारे पंधरा कौले लागतात आणि एकेकाचे वजन अडीच किलोच्या घरात असते. म्हणजे हजार चौरस फुटांचे पाखे आपल्या डोक्यावर साडेतीन टनांचा बोजा बाळगून असते.

हा बोजा वाहतात ते वासे आणि रिपा, आणि छपराचे आयुष्य ठरते तेही त्यांच्यावरच, ही गोष्ट घरमालकाच्या ध्यानात बहुधा फार उशिरा येते. उत्तम भाजलेले कौल दोन-तीन पिढ्या टिकते. वाळवी लागलेली रीप तेवढी वाट पाहत नाही. म्हणून पाहणीस आरंभ करावा तो शिडी लावून वरून नव्हे, तर माळ्यावर चढून खालून. भरदुपारी माळ्यावर अंधार करून बसले की जेथे जेथे उजेडाचे कवडसे दिसतील, तेथे तेथे खूण करावी. वाशांची टोके, विशेषतः भिंतीवर टेकणारी व वळचणीकडची, सुरीच्या अणीने टोचून पाहावीत. अणी लोण्यात शिरावी तशी शिरली, तर वर हजार नवी कौले घालूनही उपयोग नाही.

गळतीचा स्वभाव तर विलक्षण कपटी. पाणी जेथे टपकते तेथे ते आत शिरलेले असतेच असे नाही. ते वाशाच्या पोटाला बिलगून हातभर, कधी दोन-चार हात खाली उतरते आणि मग सोयीच्या गाठीपाशी ठिबकते. आमच्या घरी सलग दोन पावसाळे देवघरावरची कौले बदलून झाली, आणि अखेर अपराध निघाला तो पाच हात वर, आढ्यावरच्या कोन्याखाली भेगाळलेल्या चुन्याचा. तेव्हापासून थेंब पडला की मी प्रथम वर, चढाच्या दिशेने पाहतो.

ही कटकट नको म्हणून छप्परच बदलण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो, आणि कौले चढवणारे हात गावोगाव दुर्मिळ होत चालल्याने त्याला दोषही देता येत नाही. मात्र मातीत बांधलेल्या जुन्या चिऱ्याच्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकण्यापूर्वी जाणकार अभियंत्याकडून त्या भिंतींची कैफियत ऐकून घ्यावी. शिवाय स्लॅब गळू लागला की त्याच्यावर पत्र्याची शेड उभी करावी लागते, हे दृश्य आज प्रत्येक तालुक्यात आहे. छपरालाच छप्पर घालण्याचा हा प्रकार पाहून जुने गवंडी काय म्हणतील ते म्हणोत. पत्राच घालायचा असेल, तर त्याचे स्क्रू नाळीत न मारता उंचवट्यावर मारावेत, नाहीतर रबरी चकती कुजताच प्रत्येक भोक झरा बनते. जुने सिमेंटचे पत्रे काढताना ते फोडू वा करवतीने कापू नयेत. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याचे सूक्ष्म तंतू फुफ्फुसांत कायमचे ठाण मांडतात.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा कौले आणि पत्रे दोन्ही उडाले. वारा वळचणीखालून शिरून छपराला वर रेटतो व त्याच वेळी वरून ओढतो. त्यामुळे कडेच्या दोन-तीन ओळी तारेने रिपांना बांधण्याची तजवीज शाकारणीतच करून ठेवावी. जेथे कौले गेली तेथे उरलेली कौले सावरून, नव्यांची भर घालून पाखे पुन्हा उभे करता आले. पिळवटलेला पत्रा मात्र भंगारात जातो.

पण नवे कौल जुन्याशी जुळावे लागते. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा निराळा, खोबणी निराळी, आणि दोन छापांची कौले एका ओळीत बसवली की त्या सांध्यातून पावसाला वाट मिळते. म्हणून आमच्या वडिलांनी घर मोडणाऱ्या एका शेजाऱ्याकडून आमच्याच छापाची शंभर कौले घेतली. एकमेकांवर आपटून, खणखणीत वाजतील ती ठेवली, बद्द वाजतील ती टाकली. परसात फणसाखाली तो ढीग अजून आहे, साठेक शिल्लक असतील. काढताना मात्र काठीने आधी हलवून पाहावे लागते, कारण विंचवांनी तेथे कधीच बिऱ्हाड केले आहे.