गरिबांची टिफनी, मामीचा माळा

रविवारी मॉलऐवजी जुन्या बाजारात रमणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. कुणी घड्याळवाले, कुणी रेकॉर्डवाले, कुणी सिनेमाच्या पोस्टरवाले. मी काचवाली. त्यातही स्पेशलायझेशन, कार्निव्हल ग्लास!

पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की पाण्यावर कसे रंग दिसतात? तसे रंग जिच्यावर खेळतात ती ही काच. फंडा सोपा आहे. साच्यात दाबून भांडं काढायचं आणि गरम असतानाच त्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारायचा. वेस्ट व्हर्जिनियातल्या फेंटन कंपनीने 1907-08च्या सुमारास असा माल बाजारात आणला. तोवर ही झळाळी टिफनीसारख्यांच्या हाताने फुंकलेल्या, खिसा रिकामा करणाऱ्या काचेवर मिरवायची. आता ती साध्या घरातल्या डायनिंग टेबलवर आली, म्हणून ही 'गरिबांची टिफनी'. पुढे फॅशन ओसरली आणि उरलेला माल जत्रेत बक्षीस म्हणून वाटला गेला, असं सांगतात. 'कार्निव्हल' हे नाव त्यावरूनच, पण ते संग्राहकांनी दिलं 1950च्या दशकात.

नवशिक्यांसाठी पहिला धडा : वरच्या चमकेवर भाळू नका. ग्लास उजेडात धरा आणि बुडाशी, जिथे फवारा पोचलेला नसतो, तिथे काचेचा मूळ रंग बघा. बिनरंगी काचेवर केशरी झळाळी असेल तर तो 'मॅरिगोल्ड', म्हणजे आपला झेंडू. हा सगळ्यात जास्त सापडतो. लाल मिळाला तर लॉटरीच! बुडावर 'आयजी' अशी अक्षरं दिसली तर मात्र उडी मारू नका. इंपीरियल कंपनीने 1960च्या दशकात जुनेच साचे वापरून पुन्हा काढलेला तो माल.

आता खरी गंमत. हे सगळं फक्त अमेरिकेत झालं नाही. बांगड्यांच्या फिरोजाबादमध्ये जैन ग्लास वर्क्सने 1930च्या दशकापासून अशी काच बनवली. द्राक्षवेलीचे ग्लास, माशाच्या, हत्तीच्या, चक्क हाताच्या आकाराच्या फुलदाण्या! कारखाना 1986 मध्ये बंद पडला. परदेशातले शौकीन या वस्तू शोधत असतात आणि आपल्याकडे त्या जातात भंगारात. कारण काय, तर 'बाजारू' दिसतात. मला विचाराल तर तो थोडा बाजारूपणाच त्यांचा जीव आहे. अमेरिकन बोल कसा जाडजूड, रुबाबदार. आपला ग्लास पातळ, हलका, थोडा वाकडासुद्धा.

गेल्या वर्षी मामाची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. माळा रिकामा करताना वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार केशरी ग्लास निघाले. पाहुणे आले की आजी यातच कोकम सरबत द्यायची, आम्हा पोरांना मात्र स्टीलचे! एकाच्या बुडावर बोट फिरवलं तर उठावाची अक्षरं लागली : जैन.

"अगं, भंगारवाला खाली उभाय, दे टाकून," मामी म्हणाली. किंमत सांगितल्यावर तिचे डोळे मोठे झाले आणि लगेच पुढचा प्रश्न आला, "मग विकूया का?" प्रश्न अगदी रास्त होता. भाड्याच्या वन रूम किचनमध्ये संसार बसवायचा असताना आठवणींना जागा कुठून आणणार? माझ्याकडे तरी काय, शोकेसचे दोनच कप्पे, आणि नवऱ्याच्या मते तेही फुल्ल.

तुमच्याही घरात असे ग्लास निघाले, तर तारेची घासणी, लिंबू आणि डिशवॉशर तिन्ही लांब ठेवा. वरचा थर कागदाहून पातळ असतो, गेला की गेला. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, बास. आणि एकात एक घालून ठेवू नका.

शेवटी वाटणी झाली. दोन मामीकडे, दोन माझ्याकडे. नव्या फ्लॅटची किल्ली मिळेपर्यंत मामीने तिचे ग्लास साड्यांच्या घडीत ठेवलेत. अक्षरंवाला ग्लास कुणाचा, यावर मात्र आमची बोलणी अजून चालू आहेत.